पहिलं नाव कोणाचं?

बँकांवर निर्बंध येतात ते पंचांग बघून, असा माझा पक्का समज झाला आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला 23 सप्टेंबर 2019 ला; तेव्हा पितृपक्ष चालू होता. येस बँकेची पाळी आली 5 मार्च 2020 ला, होळी चार दिवसांवर असताना. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचा नंबर लागला 13 फेब्रुवारी 2025 ला, तरुण मंडळींच्या गुलाबाच्या आदल्या संध्याकाळी. शेवटचे दोन्ही दिवस गुरुवार. आमच्या वसईत आता काही माणसं गुरुवारी संध्याकाळी दत्ताला हात जोडतात आणि लगेच मोबाइलवर बँकेतली शिल्लक बघतात.

ही बातमी वसई-विरारला पोचते कशी, हा अभ्यासाचा विषय आहे. आधी रिझर्व्ह बँकेचं पत्रक, मग टीव्ही, मग वर्तमानपत्र हा क्रम बाकीच्या महाराष्ट्राला. आमच्याकडे ती चर्चगेटहून सुटलेल्या विरार फास्टने येते. दादरला चढलेला माणूस ‘बँक जरा अडचणीत आहे’ एवढंच सांगतो. अंधेरीला ती ‘बंद पडली’ होते, बोरिवलीला ‘चेअरमन पळाला’ होते, भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत चेअरमन लंडनला पोचून स्थिरस्थावर झालेला असतो. नालासोपाऱ्याला उतरायच्या आधी दारात लोंबकळणारा एक जण बायकोला फोन करतो, ‘एटीएममधून निघतील तेवढे काढ.’ बायको विचारते, ‘पण आपलं त्या बँकेत खातं कुठाय?’ यावर तो म्हणतो, ‘असू दे, कुठल्याही बँकेचे काढ.’

चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसलेल्या माणसाचं मत या विषयात अंतिम असतं. ज्याला स्वतःचं निम्मं शरीर कुठे ठेवायचं याची खात्री नाही, तो बाकीच्या तिघांना पैसा कुठे ठेवायचा ते विरारपर्यंत सांगत राहतो.

पीएमसीच्या वेळी खातेदारांना पहिल्यांदा सांगितलं गेलं, की सहा महिन्यांत मिळून 1,000 रुपये काढता येतील. आमच्या सोसायटीत गणिताचे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांनी जिन्यातच भागाकार केला: दिवसाला साडेपाच रुपये. वसई स्टेशनबाहेर एवढ्यात अर्धा वडापावही येत नव्हता. पुढे मर्यादा वाढत गेली. 10,000 झाली, 25,000 झाली, 40,000, 50,000, आणि जून 2020 मध्ये 1 लाख. आपल्याच पैशाची आपल्यालाच बढती मिळत होती. त्या दिवसांत काही खातेदार धसक्याने गेले, कुणाचं ऑपरेशन अडलं, कुणाची फी. त्यावर विनोद सुचत नाही आणि सुचू नये.

विनोद सुचतो तो बँकेच्या कारभारावर. एकूण कर्जं 8,880 कोटींची, त्यातली साडेसहा हजार कोटींच्या वर एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे. शंभरातले त्र्याहत्तर रुपये एकाच दारात. हा समूह आम्हाला परका नव्हता. वसई-विरार पट्ट्यातल्या त्याच्या जमिनींची चर्चा आमच्याकडे रोजची. म्हणजे आमच्यातल्या काहींचे पैसे अशा बँकेत होते, जिने ते अशा बिल्डरला दिले होते, ज्याची जमीन आमच्याच खिडकीतून दिसत होती. पैसा गावाबाहेर गेला असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

आणि ही कर्जं झाकण्यासाठी तब्बल 21,049 खोटी कर्जखाती दाखवली गेली होती, असं तपासात बाहेर आलं. हा आकडा वाचल्यापासून माझा जीव वरखाली होतो. एका बँकेने (नाव कशाला घ्या) माझं खरंखुरं खातं केवायसीसाठी गोठवलं होतं. आधारवर माझं नाव वडिलांच्या नावासकट आणि पॅनवर वडिलांच्या नावाविना आहे, एवढाच माझा गुन्हा. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, ‘सर, तुम्ही तुम्हीच आहात कशावरून?’ प्रश्न तत्त्वज्ञानाचा होता, मी लाइटबिल दाखवलं. एका खऱ्या माणसाला एक खातं टिकवताना ही दमछाक, आणि तिकडे नसलेल्या माणसांची एकवीस हजार खाती बिनबोभाट नांदत होती. त्यांच्या आधारवर स्पेलिंगच्या चुका नसाव्यात.

न्यू इंडियाची गोष्ट त्याहून सोपी, म्हणून जास्त थक्क करणारी. इथे कर्जबिर्ज काही नाही, थेट तिजोरीतली रोकड. प्रभादेवी आणि गोरेगावच्या शाखांतले 122 कोटी कागदावर होते, तिजोरीत नव्हते. तपासाच्या बातम्यांत आलं ते असं, की प्रभादेवीच्या तिजोरीत मावतातच मुळी 10 कोटी. पाचशेच्या नोटा धरल्या तर 122 कोटींच्या 24,400 गड्ड्या होतात. ऑडिटरच्या जागी विरारची एखादी गृहिणी नेमली असती, तर तिने दारातूनच सांगितलं असतं, ‘एवढं यात मावत नाही.’ वन-रूम-किचनमध्ये सासू-सासरे, दोन मुलं, पाण्याची पिंपं, गावाहून आलेला तांदूळ आणि गणपतीचं मखर बसवणारी बाई ती. जागेच्या बाबतीत तिला कोणी फसवू शकत नाही. ही बँक 4 ऑगस्ट 2025 ला सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदारांचा जीव भांड्यात पडला. पण तोवरच्या सहा महिन्यांत आमच्याकडे जे अर्थमंथन झालं, त्याची नोंद कुठेतरी राहायला हवी.

पहिला विचार अर्थातच घरात ठेवायचा. यात वसईची परंपरा मोठी आहे. पहाटेच्या गाडीने भाजी, फुलं, केळी घेऊन मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या आमच्याकडच्या बायका दिवसाची कमाई कनवटीला लावून परत यायच्या. त्या गर्दीत पाकीट मारणाऱ्यांचे हात गेले, पण कनवटीपर्यंत कोणी पोचला नाही. घरी आल्यावर ती रक्कम डाळीच्या डब्यात. त्या डब्याची खबर नवऱ्याला लागली नव्हती, ती 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री लागली. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्याचं ऐकल्यावर वसईतल्या कित्येक घरांतून रात्री नऊनंतर डबे उपडे होण्याचे आवाज आले, आणि कित्येक नवऱ्यांना आपण श्रीमंत असल्याचं त्याच मिनिटाला कळलं, ज्या मिनिटाला ते तसे राहिले नव्हते.

घरात ठेवण्यातला दुसरा धोका जुलैचा. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवरून पाणी वाहत होतं, गाड्या बंद, घराघरांत पाणी. तळमजल्यावरचे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बँकांवर विश्वास नसलेले. त्यांची ठेव पलंगाच्या पेटीत होती आणि पलंग गुडघाभर पाण्यात. त्यांनी नोटा हॉलमध्ये दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. वीज नाही, पंखा नाही, हवेत ओल. नोटा वाळेनात, आणि त्या लटकत असेपर्यंत दार उघडता येईना. मदतीला आलेले कार्यकर्ते बिस्किटांचे पुडे घेऊन बाहेरून हाका मारत होते आणि आत हे कुटुंब श्वास रोखून बसलं होतं. उपाशी राहिले, पण ठेव सांभाळली.

मग सोनं. सोनं बुडत नाही म्हणतात ते खरं, पण ते घरात ठेवलं तर झोप बुडते. म्हणून लॉकर. लॉकरबद्दल आपली समजूत अशी, की बँकेने आपल्या दागिन्यांची हमी घेतलेली असते. बँकेला आत काय आहे हे ठाऊकही नसतं. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाने केलेली लबाडी यामुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. हा नियम 1 जानेवारी 2022 पासूनचा. भाडं 2,000 असेल तर 2 लाख. पूर-भूकंप यांची जबाबदारी बँकेवर नाही, अर्थात तिने निष्काळजीपणा केला नसेल तर. वसईत राहून पुराला ‘दैवी आपत्ती’ म्हणायचं म्हणजे दरवर्षी ठरल्या वेळी येणाऱ्या पाहुण्याला ‘अचानक आलात’ म्हणण्यासारखं आहे. पण नियम नियम असतो.

लॉकरच्या बाबतीत खरा आदर्श आमच्या सोपाऱ्यात सापडला होता. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं टेकाड खणलं. तो निघाला बौद्ध स्तूप. त्यात एक दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. सोन्याची फुलं वेगळीच. आणि एवढ्या बंदोबस्ताच्या पोटात काय होतं? मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले. शेकडो वर्षं ती ठेव सुरक्षित राहिली. केवायसी नाही, नॉमिनी नाही, एसएमएसचे चार्जेस नाहीत. आजचे नियम लागू असते तर दहा वर्षं कोणी खातं विचारलं नाही म्हणून ते तुकडे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत जमा झाले असते. सध्या ती ठेव मुंबईला एशियाटिक सोसायटीत आहे. सोपाऱ्याची ठेव अखेर मुंबईलाच गेली. आमच्याकडच्या बहुतेक गोष्टी सकाळच्या गाडीने तिकडेच जातात.

तिसरा मार्ग फ्लॅटचा. ‘बँकेत कुजवण्यापेक्षा नालासोपारा पूर्वेला वन-बीएचके घे’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की ते वसई-विरारचं घोषवाक्य व्हायला हरकत नाही. पण ज्या फेब्रुवारीत न्यू इंडियाच्या दारात रांगा लागल्या, त्याच सुमारास नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरी भागातल्या 41 बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्याचं काम संपत आलं होतं. जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. त्यावर चार-चार मजले चढले, घरं विकली गेली, माणसं वर्षानुवर्षं राहिली. बँकेत ठेवलेले पैसे निदान ‘अडकतात’. इथे बुलडोझरपुढे उभं राहून आयुष्यभराच्या बचतीची वीट ओळखायची होती. तेव्हा वास्तूला सुरक्षित ठेव म्हणायचं असेल, तर आधी ती वास्तू कागदावर आहे का हे बघावं लागतं. आणि कागद खरा आहे का, हे बघायला आणखी एक माणूस लागतो.

हा ‘माणूस’ म्हणजे आमच्याकडचा सर्वात मोठा आर्थिक निकष. बँक चांगली की वाईट हे ताळेबंद बघून कोण ठरवतं? ‘तिथे आपला माणूस आहे’ यावर ठरतं. त्याला इतिहासही आहे. 1918 मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी पापडीला बॅसीन कॅथॉलिक सुरू केली, शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. ती आजही उभी आहे. त्या वसईत कर्ज घेणाऱ्याची केळीची बाग रस्त्यावरून दिसायची आणि देणारा रविवारी चर्चमध्ये भेटायचा. ओळख ही खरोखरच पत होती. आता नगरी एवढी फुगली, की 2011 च्या जनगणनेतच महापालिका हद्दीत 12 लाखांवर माणसं होती. शेजारच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू कोण आला ते कळत नाही, पण बँकेच्या संचालकाच्या मेव्हण्याचा मित्र आपल्या डब्यात असतो, एवढ्यावर आपण सात लाखांची पावती करतो. याखेरीज शास्त्रीय कसोट्या तीन: लक्ष्मीपूजनाला पेढा मिळतो का, एसी चालू असतो का, आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर जाड कागदाचं आहे का. यातली एक जरी पुरी झाली तरी बँक मजबूत.

आपल्या माणसाचं सर्वात शुद्ध रूप म्हणजे पतपेढीचा पिग्मी एजंट. रोज संध्याकाळी दुकानावर येतो, शंभर-दोनशे घेतो, पावती फाडतो, चहा घेतो, आणि मुलीसाठी एखादं स्थळही सुचवून जातो. इतका घरचा माणूस, की पतपेढी आणि बँक यांत काय फरक असतो हे त्याला विचारणं म्हणजे उद्धटपणा वाटावा. फरक एवढाच आहे, की बँकेतल्या ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पाटीवर ‘नागरी सहकारी’ इथपर्यंत अक्षरं मोठी असतात; पुढचं ‘पतसंस्था’ झाडाच्या फांदीआड जातं. एक टक्का व्याज जास्त मिळतं ते बहुधा त्या फांदीचं.

सुरक्षिततेसाठी दुसऱ्याच्या गळ्यात पडण्याचा सर्वात महागडा व्यवहारही इथलाच. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला. त्यांनी संरक्षणाला किमान 6,000 ची फौज द्यायची, बदल्यात याने वर्षाला 26 लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. सोळा वर्षांनी हिशेब झाला तेव्हा पेशवाई गेली होती आणि बाजीराव वर्षाला 8 लाखांच्या पेन्शनवर बिठूरला निघाला होता. खात्रीच्या माणसाने सुचवलेल्या योजनेचा परतावा कसा असतो, याची आमच्या तालुक्यातली ही पहिली लेखी नोंद. तरी अजून दर वर्षी कोणीतरी महिना पाच टक्के देणारा निघतो आणि आम्ही सही करतो.

त्या मानाने बायकांची भिशी बरी. विमा नाही, नोंदणी नाही, पण अध्यक्षीणबाईंचा मुलगा कुठल्या शाळेत आहे, माहेर आगाशीला की अर्नाळ्याला, आणि त्यांना किती बोलून घेतलं की रडू येतं, हे सगळ्या सभासदांना पाठ. रिझर्व्ह बँकेच्या तपासणी पथकाकडे एवढी माहिती कधीच नसते.

आता विम्याचं बघू, कारण या सगळ्या गदारोळात कामाची गोष्ट तीच एक आहे, आणि तीच चौथ्या सीटवरून कधी ऐकू आली नाही. 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. त्या धक्क्यातून 1 जानेवारी 1962 ला ठेव विमा महामंडळ उभं राहिलं. विमा होता 1,500 रुपयांचा. तो वाढत वाढत 1993 मध्ये 1 लाख झाला आणि तिथे सत्तावीस वर्षं बसून राहिला. एका पिढीचं लग्न होऊन तिची मुलं लग्नाला आली, विरारच्या चाळींचे टॉवर झाले, विमा एक लाखच. पीएमसीच्या खातेदारांनी आरडाओरडा केल्यावर 4 फेब्रुवारी 2020 ला तो 5 लाख झाला. हप्ता बँक भरते, आपल्याला एक पैसा पडत नाही. त्यामुळेच आपल्याला त्याची किंमत नाही.

पूर्वी हे पैसे बँक पुरती मेल्याशिवाय मिळत नसत. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द व्हायला 2022 उजाडलं. एवढी वर्षं बँक ना जिवंत ना मेलेली, आणि ठेवीदार बाहेर बाकड्यावर. 2021 मध्ये कायदा बदलला: निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यायची. पीएमसी जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या लोकांची वाट मोकळी झाली. त्यावरची रक्कम हप्त्याहप्त्याने, शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. म्हणजे सत्तरीच्या ठेवीदाराला बँकेने दीर्घायुष्याचा आशीर्वादच दिला.

गंमत पुढे आहे. पाच लाख हे माणशी, एका बँकेत. त्या बँकेच्या वसई, विरार आणि बोईसर अशा तीन शाखांत तीन पावत्या केल्या तरी विमा एकच. आमच्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांनी शाखा बदलून आपण जोखीम विभागल्याचं समाधान मिळवलेलं आहे. व्याजही त्या पाचातच धरतात, म्हणजे पाच लाखांची पावती केली की व्याज उघड्यावर. दुकानाच्या नावाचं खातं मालक एकटाच असेल तर त्याच्याच खात्यात मिळवतात. पण संयुक्त खातं वेगळं धरतात! आणि नावांचा क्रम बदलला तर तेही वेगळं धरतात. नवऱ्याचं नाव पहिलं असलेलं एक, बायकोचं पहिलं असलेलं दुसरं. दोघांची स्वतंत्र धरून एकाच बँकेत चार खाती, चार वेळा पाच लाख.

हे मी गुरुजींना सांगितलं आणि त्यांच्या डोळ्यांत मी शाळा सुटल्यापासून न पाहिलेली चमक आली. त्यांनी वही काढली. गुरुजी, काकू आणि मुलगा अशी तीन माणसं. एकेकट्याची तीन खाती. दोघादोघांची क्रम बदलून सहा. तिघांची क्रम बदलून आणखी सहा. ‘पंधरा!’ गुरुजी ओरडले, ‘एकाच बँकेत पंच्याहत्तर लाख सुरक्षित! आयुष्यभर पोरांना शिकवलं, आज पहिल्यांदा उपयोग झाला!’

काकू आतून भात परतत म्हणाल्या, ‘आधी मला सांगा, पहिलं नाव कोणाचं?’

‘अगं, दोन्ही प्रकारे करायचं आहे.’

‘ते कळलं. पण पहिल्यांदा कुठलं उघडणार?’

गुरुजी थबकले. गणितात याला उत्तर नव्हतं. काकू बाहेर आल्या, वही हातात घेतली, पानभर मांडणी वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, ‘आणि आपले एकूण आहेत किती?’

‘चार लाख वीस हजार.’

काकूंनी वही मिटून रद्दीवर ठेवली. देशातली 97 टक्क्यांहून अधिक विमाधारक खाती या पाच लाखांच्या आतच बसतात, त्यातलं एक आमच्या जिन्यात आहे. गुरुजी त्या रात्री शांत झोपले असं काकू सांगतात. मात्र पंच्याहत्तर लाख सुरक्षित ठेवण्याची तयारी वाया गेल्याची हळहळ त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभर दिसत होती.

खरी झोप उडायला हवी होती ती आमच्या सेक्रेटरींची. हाउसिंग सोसायटीत फ्लॅट शंभर असोत नाहीतर दोनशे, विम्याच्या हिशेबात सोसायटी म्हणजे एक ठेवीदार. रंगकामाचे, लिफ्टचे, गळतीचे म्हणून वर्षानुवर्षं साठवलेले पन्नास लाख एका बँकेत असतील तर विमा पाचाचाच. पीएमसीत कितीतरी सोसायट्यांचे पैसे असेच अडकले. मी हे वार्षिक सभेत मांडलं. सभा दोन तास चालली. त्यातला पाऊण तास पार्किंगवर गेला, अर्धा तास तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्यावर, आणि ठेवींचा विषय आला तेव्हा समोसे आले. ‘त्या बँकेत आपला माणूस आहे,’ असं सेक्रेटरी म्हणाले आणि ठराव एकमताने मंजूर झाला. समोसे चांगले होते.

नॉमिनीचंही असंच. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, हिस्से टक्क्यांत ठरवून. कायदा करणाऱ्यांनी आपल्याकडची कुटुंबं पाहिलेली दिसत नाहीत. माणूस जिवंत असताना चौघांना टक्के सांगायचे आणि मग दिवाळीला त्या चौघांना एका पंगतीत बसवायचं, हे धैर्य कुठून आणायचं? बहुतेक जण ती जागा कोरी ठेवतात. मग माणूस गेल्यावर वारस दाखला काढायला कोर्टात खेटे घालतात, आणि तिथल्या बाकड्यावर चौघंही एका पंगतीत बसतात.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. आज रात्री जेवणं झाल्यावर कपाटातली पासबुकं आणि पावत्या टेबलावर मांडा. बँकेचं नाव ठेव विमा महामंडळाच्या यादीत आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर बघा. पतपेढीचं नाव शोधण्यात वेळ घालवू नका, ते तिथे नाही. एका बँकेत एका नावावर मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांच्या आत राहा, त्यावरचं दुसऱ्या बँकेत न्या किंवा पोस्टात टाका. पोस्टाच्या मागे सरकार उभं आहे. नॉमिनीची जागा भरा. आणि पहिलं नाव कोणाचं यावरून घरात वाद झालाच, तर तो मिटवायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही क्रमांनी दोन खाती उघडा. महामंडळ दोन्ही वेगळी धरतं.